डिकन्सच्या घरचा नाताळ आणि कॅथरीनचं खातं

मैत्रिणींनो, नाताळ आपल्या घरचा सण नाही. तरी आज मी एका इंग्रज लेखकाच्या नाताळाबद्दल लिहिणार आहे, आणि लिहिता लिहिता थोडी भांडणारही आहे. भांडण त्या लेखकाशी कमी, त्याच्याबद्दल बोलणाऱ्यांशी जास्त.

लेखक म्हणजे चार्ल्स डिकन्स. 'ऑलिव्हर ट्विस्ट' आणि 'डेव्हिड कॉपरफिल्ड' लिहिणारा. आजची नातवंडं त्याला ओळखतात ती 'अ ख्रिसमस कॅरोल' या छोट्या पुस्तकामुळे. कंजूष म्हातारा स्क्रूज, नाताळच्या आदल्या रात्री त्याच्याकडे येणारी भुतं, आणि सकाळी उठल्यावर बदललेला माणूस. दर डिसेंबरात कुठल्या ना कुठल्या शाळेत याचं नाटक बसतंच.

मागच्या डिसेंबरात आमच्या भागातल्या एका वाचनालयात डिकन्सवर व्याख्यान होतं. वक्ते छान बोलले. तो कसा लिहायचा, किती चालायचा, घरी सणाला काय धमाल करायचा, जादूचे प्रयोग, नाच, नाटकं. तासभर वेळ कसा गेला कळलं नाही. पण त्या तासात दहा मुलांच्या आईचं नाव एकदाही आलं नाही. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले म्हणून मी विचारलं, "आणि त्यांच्या पत्नी?" वक्ते म्हणाले, "त्या घर सांभाळायच्या हो." त्या 'हो'वर सभागृह हसलं, आणि चहा आला.

घरी आल्यावर मी वाचायला घेतलं. वर्षभर थोडं थोडं वाचत होते. आता मी कॉमर्सची. गोष्टीमागचा जमाखर्च समजल्याशिवाय मला गोष्ट पुरी वाटत नाही. म्हणून आधी जमाखर्चच सांगते.

१८४३ साली डिकन्स ३१ वर्षांचा होता. चार मुलं होती, पाचवं पोटात होतं. 'मार्टिन चझलविट' ही कादंबरी महिन्याच्या महिन्याला हप्त्यांनी निघत होती आणि तिचा खप आधीच्या पुस्तकांच्या मानाने फारच कमी होता. प्रकाशक करारातलं कलम दाखवून महिन्याच्या २०० पौंडांतले ५० पौंड कापण्याची भाषा करू लागले होते. शिवाय वडिलांची उधारी निस्तरणं होतंच. हे वडील म्हणजे त्याच्या आयुष्याची जुनी जखम. १८२४ साली कर्जापायी त्यांना मार्शलसीच्या तुरुंगात टाकलं होतं, आणि बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात आठवड्याला सहा-सात शिलिंगांवर डब्यांना लेबलं चिकटवत बसला होता. पुढे एवढं नाव झालं तरी पैसे संपतील ही धास्ती त्याच्या मनातून कधी गेली नाही. ज्यांनी घरात एकदा दुकान बुडालेलं पाहिलं आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात तो लंडनमधल्या गरीब मुलांच्या एका शाळेत गेला. अशा शाळांना तिकडे 'रॅग्ड स्कूल' म्हणत, म्हणजे फाटक्या कपड्यांतल्या मुलांची शाळा. तिथली मुलं पाहून तो हादरला. त्याआधी खाणींत आणि कारखान्यांत राबणाऱ्या मुलांवरचा सरकारी अहवाल वाचून त्याने एक पत्रक काढायचं ठरवलं होतं. मग त्याच्या लक्षात आलं की पत्रक वाचून लोक बाजूला ठेवतील. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मँचेस्टरला तो भाषणाला गेला आणि त्या दिवसांत गोष्ट सुचली. परत आल्यावर कादंबरीचे हप्ते सांभाळून साधारण सहा आठवड्यांत त्याने 'कॅरोल' पुरं केलं. रात्री सगळं लंडन झोपलं की हा पंधरा-पंधरा, वीस-वीस मैल अंधाऱ्या रस्त्यांतून चालायचा आणि चालता चालता गोष्ट जुळवायचा. मनातल्या मनात रडायचा, हसायचा. हे त्याने स्वतः एका मित्राला पत्रात कळवलं आहे.

पुस्तक १९ डिसेंबर १८४३ ला बाहेर पडलं. ६,००० प्रती नाताळच्या आधी संपल्या. किंमत ५ शिलिंग. म्हणजे दुकानातल्या किमतीने १,५०० पौंडांचा माल विकला गेला. डिकन्सला वाटलं होतं, हजार पौंड तरी सुटतील. हातात आले २३० च्या आसपास! कारण छपाईचा खर्च त्याने स्वतःच्या अंगावर घेतला होता, आणि हौस दांडगी. सोनेरी कडा हव्यात, जॉन लीचची चित्रं हवीत, त्यांतली चार हाताने रंगवलेली हवीत, आतल्या कोऱ्या पानांचा रंग आवडला नाही म्हणून तो बदलायला हवा. लग्नाच्या पत्रिकेपायी बजेट उडवणारे यजमान आपण पाहतोच ना, तसलाच प्रकार. महिन्याभरात कुणीतरी गोष्टीची चोरटी आवृत्ती काढली. डिकन्स कोर्टात गेला, खटला जिंकला. पण चोरांनी दिवाळं काढलं, आणि खटल्याचे ७०० पौंड याच्याच खिशातून गेले. नफ्याच्या तिप्पट खर्च वकिलांवर.

आणखी एक गणित. गोष्टीतल्या बॉब क्रॅचिट या कारकुनाचा पगार आठवड्याला १५ शिलिंग आहे. म्हणजे गरिबांच्या कळवळ्याने लिहिलेलं हे पुस्तक घ्यायला बॉबला आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता. डिकन्सलाही हे डाचत असावं असं मला वाटतं. पुढे १८५३ च्या डिसेंबरात बर्मिंगहॅमला त्याने 'कॅरोल'चं जाहीर वाचन केलं, तेव्हा एक दिवस मुद्दाम कामगारांसाठी ठेवला आणि तिकीट उतरवून सहा पेन्स केलं.

माझ्या नातीने मला विचारलं होतं, "आजी, स्क्रूज वाईट का? तो हिशेब तर बरोबर ठेवतो." प्रश्न चांगला आहे, आणि आपल्यासारख्या व्यापारी घरांत तो विचारायलाच हवा. आपण दिवाळीला वहीपूजन करणारी माणसं. हिशेब ठेवणं हा दोष असता तर आपल्या आजोबा-पणजोबांचं काय? मी तिला सांगितलं, स्क्रूज हिशेब ठेवतो म्हणून वाईट नाही, तो अर्धाच हिशेब ठेवतो म्हणून वाईट. कारकुनाच्या शेगडीत कोळसा किती जळला ते तो मोजतो, पण त्या थंडीत कारकुनाची बोटं किती आखडली ते त्याच्या वहीत कुठेच येत नाही. गोष्टीच्या शेवटी तो वह्या जाळत नाही. बॉबचा पगार वाढवतो, म्हणजे वहीत एक नोंद बदलतो. मला हा शेवट फार पटतो.

आता मिसेस क्रॅचिटकडे येते. नाटकात तिला दोन वाक्यं मिळतात, पण पुस्तकात ती आहे म्हणून गोष्ट उभी आहे. दुसऱ्यांदा उलटवलेला झगा घालून, स्वस्तातल्या रिबिनी लावून ती सणाला नटली आहे. (त्यांच्या ताटातला गूज पक्षी आपण बाजूला ठेवू. आपल्याला त्याच्याशी कर्तव्य नाही.) घरात भट्टी नाही, म्हणून तो भाजायला बेकरीत पाठवला आहे. हे वाचताना मला आमच्या लहानपणीची नानकटाई आठवली. दिवाळीआधी पत्र्याचे ट्रे घेऊन बेकरीपुढे रांग लावायची, आपल्या ट्रेवर खूण करून ठेवायची आणि परत घेताना मोजून घ्यायची. पुडिंग मात्र घरचंच, कपडे उकळायच्या मोठ्या भांड्यात शिजवलेलं, म्हणून आधी धुण्याच्या दिवसाचा वास येतो. ते आणायला मिसेस क्रॅचिट एकटीच आत जाते, कारण तिचा जीव थाऱ्यावर नाही. कच्चं राहिलं असेल तर? काढताना मोडलं तर? मागच्या भिंतीवरून येऊन कुणी चोरून नेलं असेल तर? पुडिंग चांगलं निघतं, आणि मग ती कबूल करते की पिठाच्या मापाबद्दल मनात धाकधूक होती. एवढ्या माणसांना ते लहानच आहे, पण घरातलं कुणी तसं म्हणत नाही.

ज्या पुरुषाने हे लिहिलं, त्याने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून एखाद्या बाईचा चेहरा नीट पाहिलेला आहे. पिठाच्या मापाची धाकधूक! हे कुणाला पंधरा मैल चालून सुचत नाही. हे घरात बघावं लागतं. कुणाच्या घरात?

तो प्रश्न जरा थांबवून आधी त्याच्या मजेचं सांगते, कारण ती खरोखर मजा होती आणि मला ती आवडते. १८४२ च्या अखेरीला त्याने एका जादूगाराचं सगळं सामान विकत घेतलं. ६ जानेवारीला थोरल्या मुलाचा, चार्लीचा वाढदिवस असे. नाताळच्या बारा दिवसांचा हा शेवट. त्या दिवशी घरी मुलांचा मेळा भरायचा आणि डिकन्स जादूगार व्हायचा. जॉन फॉर्स्टर हा त्याचा जवळचा मित्र मदतनीस. १८४३ चा नाताळ झाल्यावर दुसऱ्या दिवशी एका नट-मित्राच्या मुलीच्या वाढदिवसाला या दोघांनी तासभर प्रयोग केले. कच्चं पीठ आणि बाकीचं साहित्य एका गृहस्थाच्या हॅटमध्ये ओतलं आणि त्यातून गरम पुडिंग काढून दाखवलं. कार्लाइल नावाच्या विद्वानाची पत्नी जेन तिथे होती. दोघं घामाने कशी निथळत होती, हे तिने पत्रात मोठ्या मजेने लिहून ठेवलं आहे.

मुली पोल्का नाच शिकल्या, तेव्हा याने त्यांच्याकडून तो शिकून घेतला. एका रात्री जाग आली आणि पावलं विसरलो की काय अशी भीती वाटली. तसाच उठला आणि थंडगार फरशीवर एकटा नाचाचा सराव करत राहिला. हे त्याची मुलगी मेमी हिच्या आठवणींत आहे. दर २४ डिसेंबरला तो मुलांना हॉबर्न भागातल्या खेळण्यांच्या दुकानात न्यायचा आणि हवं ते निवडायला वेळ द्यायचा. पुढे टॅव्हिस्टॉक हाउसमध्ये मुलांच्या खोलीतच रंगमंच बांधून नाटकं होऊ लागली.

मेमीचीच आणखी एक आठवण. ती लहानपणी आजारी होती, तेव्हा तिला वडिलांच्या लिहिण्याच्या खोलीत कोचावर झोपायची परवानगी मिळाली. एरवी त्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही, आवाज करायचा नाही. तिने पाहिलं, वडील भराभर लिहीत होते. मध्येच उठून आरशासमोर गेले, तोंड वेडंवाकडं केलं, परत येऊन लिहिलं, पुन्हा आरशाकडे धावले, स्वतःशीच काही पुटपुटले. मुलगी खोलीत आहे याचंही भान नव्हतं. म्हणजे पात्राचं सोंग आधी चेहऱ्यावर, मग कागदावर.

इथे माझं मत सांगते. लोक म्हणतात, डिकन्स कष्टाने लिहायचा आणि सणाला मोकळा व्हायचा. मला हे दोन वेगळे दिसत नाहीत. आरशापुढचं सोंग आणि मध्यरात्रीचा पोल्का हे एकाच माणसाचं एकच काम आहे. मजा करायलाही तो लिहिण्याइतकीच मेहनत घेत होता. आपल्याकडे सणातला खेळकरपणा हा लहान मुलांचा विषय समजतात. मोठ्या माणसांनी, विशेषतः पुरुषांनी, सोफ्यावर बसून फराळाची बशी घ्यायची आणि फोनवर आलेल्या शुभेच्छा पुढे ढकलायच्या. ज्या घरात बाप मुलांसाठी हॅटमधून पुडिंग काढतो, त्या घरातली मुलं साठ वर्षांनीही ते विसरत नाहीत. आपल्या घरच्या पुरुषांनी डिकन्सकडून एवढं जरूर घ्यावं. हॅट नसली तर फेटा चालेल.

त्या घरातल्या खेळांबद्दलचा एक प्रसंग मला अंगावर काटा आणतो. १८६९ चा नाताळ, डिकन्सचा शेवटचा. सगळे मिळून आठवणीचा खेळ खेळत होते. आधीच्यांनी म्हटलेले शब्द क्रमाने म्हणायचे आणि शेवटी आपला एक जोडायचा. पाळी आल्यावर डिकन्सने सगळे शब्द बरोबर म्हटले आणि शेवटी एक पत्ता जोडला, वॉरनचं बूटपॉलिश, ३०, स्ट्रँड. डोळ्यांत काहीतरी वेगळंच होतं, असं मुलगा हेन्री पुढे सांगतो. त्या पत्त्याचा अर्थ जमलेल्यांपैकी कुणालाच समजला नाही. कारखान्याची गोष्ट मुलांना कळली ती बाप गेल्यावर, फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून. पंचेचाळीस वर्षं पोटात ठेवलेलं दुःख त्याने सणाच्या खेळात, गंमत म्हणून, एकदाच मोठ्याने उच्चारलं.

त्या टेबलाशी मुलांची आई नव्हती. अकरा वर्षांपूर्वीच तिला घराबाहेर काढलं होतं.

कॅथरीन हॉगर्थ. वडील वृत्तपत्राचे संपादक आणि संगीताचे जाणकार. १८३६ साली लग्न झालं, १८३७ ते १८५२ या सोळा वर्षांत दहा बाळंतपणं. मधले गर्भपात वेगळे. १८४२ साली डिकन्स अमेरिकेला निघाला तेव्हा चार लहानग्यांना मागे ठेवून तिला सहा महिने बरोबर जावं लागलं. तिकडे माँट्रियलला हौशी नाटकात तिने काम केलं, आणि उत्तम केलं असं खुद्द डिकन्सनेच लिहिलं आहे. म्हणजे खेळकरपणा तिच्यातही होता. 'कॅरोल' लिहिलं जात होतं त्या सहा आठवड्यांत ती सहा-सात महिन्यांची गरोदर होती. हॅटमधून पुडिंग निघालं त्या रात्रीनंतर वीस दिवसांनी, १५ जानेवारी १८४४ ला, तिचं पाचवं मूल जन्मलं. आता ती खोली आठवा, जिच्या आसपास आवाज करायचा नाही. चार मुलांच्या घरात आवाज होऊ न देणं हे कुणाचं काम असेल?

१८५१ साली लंडनमध्ये एक छोटं पुस्तक निघालं, 'व्हॉट शॅल वुई हॅव फॉर डिनर?' म्हणजे, 'आज जेवायला काय करायचं?' मैत्रिणींनो, हा प्रश्न तुम्ही आज सकाळी किती वेळा विचारलात? लेखिकेचं नाव छापलं होतं लेडी मारिया क्लटरबक. हे एका नाटकातल्या पात्राचं नाव, जे काम कॅथरीनने स्वतः केलं होतं. पुस्तक तिचं. दोन माणसांपासून अठरा-वीस माणसांपर्यंतच्या जेवणाचे बेत, कोणत्या महिन्यात कोणता, आणि शेवटी थोड्या पाककृती. (बहुतेक पानं आपल्या कामाची नाहीत, मासे-मटणच सगळं. चीज लावून भाजलेला पाव तेवढा आपला.) मी त्या याद्या पाहिल्या तेव्हा मला पाककृती दिसल्या नाहीत, मला पाहुण्यांची संख्या दिसली. आज दोन पानं, उद्या अठरा. लेखक, चित्रकार, नट, प्रकाशक. त्या काळी लेखकाचा धंदा जेवणाच्या टेबलावर चालायचा, आणि ते टेबल ही बाई लावत होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिची आठ महिन्यांची मुलगी डोरा गेली होती.

त्या पुस्तकाची प्रस्तावना विनोदी आहे. घरात उरलेलं थंड मटण पुन्हा पुन्हा वाढलं की नवऱ्यांना घरापेक्षा क्लब बरा वाटू लागतो, असा तिचा सूर. ती डिकन्सनेच लिहिली असं बहुतेक अभ्यासक मानतात. मला तो विनोद पचला नाही. सात वर्षांनी त्याचं काय झालं हे माहीत असल्यावर तर नाहीच.

१८५८ साली डिकन्सने तिला वेगळं केलं. वर्षाला ६०० पौंड आणि एक घर. थोरला चार्ली आईकडे गेला, बाकीची मुलं कायद्याने बापाकडे. जूनमध्ये त्याने स्वतःच्या साप्ताहिकात या वेगळं होण्याबद्दल जाहीर निवेदन छापलं. आणखी एक पत्र बाहेर फुटलं, ज्यात मुलांना आईचा लळा नव्हता, त्यांचं सगळं मावशीनेच केलं, अशा अर्थाचं लिहिलं होतं. ज्या माणसाला मिसेस क्रॅचिटची पिठाची धाकधूक दिसली, त्याला स्वतःच्या बायकोची बावीस वर्षं दिसली नाहीत. आणि एक नटी त्याच्या आयुष्यात आली होती, हे आता सगळे अभ्यासक सांगतात. मी त्यावर जास्त लिहिणार नाही. ते लिहायला पुष्कळ जण पुढे येतात, जेवणाच्या याद्यांवर लिहायला कुणी येत नाही.

आमच्या भिशीतल्या एका मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग असल्या माणसाची पुस्तकं वाचूच नयेत." मला हे पटत नाही. ज्याने कारखान्यातल्या मुलांचे हाल लोकांना दाखवले, त्याला कपाटातून काढून टाकलं तर नुकसान आपल्या नातवंडांचं. पण दुसरं टोकही मला मान्य नाही. 'मोठा माणूस होता, घरात थोडं इकडेतिकडे व्हायचंच' हे म्हणणारे म्हणजे अर्धाच हिशेब ठेवणारे. कोळसा मोजला, बोटं मोजली नाहीत. ज्याने स्क्रूज लिहिला त्याला स्क्रूजच्याच मापाने मोजलं तर त्यात अन्याय काही नाही.

आणि 'त्या घर सांभाळायच्या हो' हे वाक्य. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आम्हाला शिकवलं होतं, प्रत्येक नावे रकमेला कुठेतरी जमा असते. डिकन्सच्या नावे पंधरा कादंबऱ्या मांडायच्या, पाच नाताळ-पुस्तकं मांडायची, नाटकं, वाढदिवस, पाहुणे सगळं मांडायचं, आणि समोरची बाजू कोरी सोडायची? असा ताळेबंद कुठलाही ऑडिटर सही करून देणार नाही.

हे फक्त तिकडचं म्हणून मी लिहीत नाही. आपल्याकडे १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी म्हटलं की फराळ आणि अंक. डिकन्ससुद्धा साप्ताहिकाचे खास नाताळ अंक काढायचा, १८५० पासून कितीतरी वर्षं. सणाला वाचायला काहीतरी हवं, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी. दिवाळी अंकातली गोष्ट लिहिणाऱ्याचं नाव ठळक छापलेलं असतं. फराळाच्या ताटाला नाव नसतं. माझ्या सासूबाईंची एक वही माझ्याकडे आहे. शंभर माणसांच्या पंक्तीला तूरडाळ किती, लाडूंना साखर किती, चातुर्मासात काय वगळायचं आणि त्याऐवजी काय करायचं, सगळं मापासकट. कुणाच्या हातची कोणती पद्धत हेही त्यांनी लिहिलं आहे, 'बार्शीच्या वन्संची शेव', 'काकींचा अनारसा, जाळी पडते'. सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. या वहीला घरात कधी कुणी 'लिखाण' म्हटलं नाही. त्यांनी स्वतःही नाही. मी म्हणते. पहिल्या पानावर मी त्यांचं पूर्ण नाव आणि वर्ष घातलं आहे. सुनेला सांगितलं, पाककृती मोबाइलवर उतरवून घे, पण नावं गाळायची नाहीत.

कॅथरीनच्या पुस्तकाचं नशीब जरा उशिरा उघडलं. २००५ साली सुझन रॉसी-विलकॉक्स या बाईंनी त्या जेवणाच्या याद्यांवर अख्खा ग्रंथ लिहिला, आणि मुखपृष्ठावर मिसेस डिकन्सचा उल्लेख आला.

कॅथरीन वेगळी झाल्यावर एकवीस वर्षं जगली. नवऱ्याविरुद्ध तिने जाहीरपणे एक ओळ लिहिली नाही. १८६३ च्या शेवटच्या दिवशी तिचा मुलगा वॉल्टर कलकत्त्याला गेला. फौजेत होता, अवघ्या बावीस वर्षांचा. डिकन्सला ही बातमी त्याच्या वाढदिवशी मिळाली. त्यानंतरही त्याने तिला सांत्वनाचं पत्र पाठवल्याचं कुठे दिसत नाही. १८७९ साली ती आजारी होती, तेव्हा तिने धाकटी मुलगी केट हिला बोलावून एक गठ्ठा दिला. डिकन्सने लग्नाआधी आणि नंतर तिला लिहिलेली सगळी पत्रं त्यात होती. ती ब्रिटिश म्युझियमला दे, म्हणाली, म्हणजे जगाला कळेल की एके काळी त्याचं माझ्यावर प्रेम होतं. केटने पुढे तसं केलं. ती पत्रं आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.